संगणक शंका-समाधान : विंडोज नसलेल्या संगणकावर बुद्धिबळ

या खेपेची बहुतेक पत्रे बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरबद्दल आहेत. एक सूचना आधीच देतो. टर्मिनलमध्ये (आज्ञा लिहायच्या खिडकीत) टाइप करायच्या आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत, मधल्या जागांसकट टाइप कराव्यात.

प्रश्न – आमच्या लॅपटॉपवर विंडोज 10 होते. त्याचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 त्यावर बसत नाही, म्हणून लिनक्स मिंट घातले. मुलगी स्पर्धा खेळते आणि तिचे सगळे डाव चेसबेसमध्ये आहेत. आता पुन्हा विंडोजचा लॅपटॉप घ्यावा लागेल का? – एक पालक, म्हापसा

उत्तर – त्याची गरज नाही. पण जुनी हार्डडिस्क पुसली नसेल तर आज पुसू नका, आणि पुसली असेल तर बॅकअप कुठे आहे ते शोधा. कारण पुढे येते आहे.

बुद्धिबळाच्या सॉफ्टवेअरचे दोन भाग असतात. एक पट दाखवतो, डाव साठवतो, माऊसने सोंगट्या हलवू देतो. दुसरा भाग म्हणजे इंजिन. त्याला चित्र नसते, ते फक्त चाली काढते. दोघांचे बोलणे एका ठरलेल्या पद्धतीने चालते. आज बहुतेक ठिकाणी ही पद्धत यूसीआय असते, तर जुन्या प्रोग्रामांत एक्सबोर्ड नावाच्या पटाची. चेसबेस हा विंडोजचा पट आहे, तो लिनक्सवर येत नाही. मात्र त्यात मुलगी ज्या स्टॉकफिशला विचारत होती तो फुकट आहे, त्याचा सोर्स कोड खुला आहे आणि लिनक्सवरही तो तेवढाच जोरकस आहे. तेव्हा शोधायचा आहे तो फक्त दुसरा पट.

टर्मिनल उघडा आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल एक्सबोर्ड पॉलीग्लॉट स्टॉकफिश स्किड’ ही आज्ञा द्या. यातले एक्सबोर्ड आणि स्किड (स्पेलिंग एस-सी-आय-डी) हे दोन पट. पॉलीग्लॉट लोक हमखास विसरतात. एक्सबोर्डची मूळ पद्धत वेगळी असल्याने यूसीआय इंजिनाशी बोलायला त्याला हा दुभाष्या लागतो. तो नसला की पहिला चेस प्रोग्राम सुरू करता आला नाही असा संदेश येतो आणि माणूस उगाच स्टॉकफिश काढून पुन्हा घालत बसतो. दोष स्टॉकफिशचा नसतोच.

दुसरा अडथळा इंजिन कुठे आहे हे न सापडण्याचा. डेबियन, उबुंटू आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांवर ॲप्टने घातलेले स्टॉकफिश ‘यूएसआर’ फोल्डरातल्या ‘गेम्स’ फोल्डरात जाते, ‘बिन’मध्ये नाही. स्किडमध्ये टूल्स मेनूतून ॲनालिसिस इंजिन्स उघडा, न्यू दाबा, कमांडच्या रकान्यात हा पूर्ण पत्ता भरा आणि यूसीआयच्या चौकोनात खूण करा. खूण करायची राहिली तर इंजिन सुरू होते, पण काहीच बोलत नाही. एक्सबोर्डमध्ये हेच काम इंजिन मेनूतल्या ‘लोड न्यू फर्स्ट इंजिन’मधून होते आणि तिथेही यूसीआयचा चौकोन आहे.

तिसरी गोष्ट खास मिंटची. त्याच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्राम कधी साध्या पॅकेजच्या, कधी फ्लॅटपॅकच्या रूपात दिसतो. फ्लॅटपॅकने घातलेला पट कुंपणाच्या आत चालतो आणि त्याला तुमच्या ‘यूएसआर’ फोल्डरातले इंजिन दिसत नाही. पत्ता बरोबर असूनही फाइल सापडत नाही अशी तक्रार आली, तर पहिला संशय इथे घ्या. शक्यतो दोन्ही गोष्टी साध्या पॅकेजमधूनच घ्याव्यात.

आता डाव. चेसबेसचा डेटाबेस एका फाइलीत नसतो. सीबीएच नावाच्या फाइलीबरोबर सीबीजी, सीबीए, सीबीपी, सीबीटी अशी पिलावळ असते. चेसबेस 17 पासून टूसीबीएच हे नवे रूपही आले आहे. लिनक्सवरच्या पटांवर यातल्या कशाचाही भरवसा ठेवू नका. ज्या संगणकावर चेसबेस अजून चालते तिथे डेटाबेस उघडा, कंट्रोल-ए ने सगळे डाव निवडा, कंट्रोल-सी करा, नवा डेटाबेस पीजीएन प्रकारचा बनवा आणि त्यात चिकटवा. पीजीएन ही साधी मजकुराची फाइल असते, कोणताही पट ती वाचतो. चाली, उपचाली आणि टिपा येतात. रंगीत बाण व चौकोन टिपांमधल्या खुणांच्या रूपात येतात. व्हिडिओ मात्र राहून जातात. नंतर स्किडमध्ये ही फाइल आयात केली की डेटाबेस तीन फाइलींत साठतो : एसआयफोर, एसजीफोर आणि एसएनफोर. पेनड्राइव्हवर नेताना तिन्ही न्या. एकच नेली तर डेटाबेस उघडत नाही. हा प्रकार चेसबेसवरून आलेल्यांना ओळखीचा वाटेल.

नवे डाव हवे असतील तर ‘द वीक इन चेस’ दर आठवड्याला जगभरचे डाव पीजीएनमध्ये फुकट देते, 1994 पासून. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या गोव्यात झालेल्या फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) विश्वचषकाचे डावही स्किडमध्ये घेऊन मुलीला त्यांवर काम करता येईल. तो विश्वचषक उझबेकिस्तानच्या जावोखिर सिंदारोव्हने जिंकला.

वाईन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम) वापरून चेसबेस लिनक्सवरच चालवता येईल का, असे आता विचाराल. खटाटोप केला तर काही आवृत्त्या चालतात. पण सक्रियीकरण, ऑनलाइन सेवा आणि अपडेट यांत कधी काय मोडेल सांगता येत नाही, आणि ते स्पर्धेच्या आदल्या रात्री मोडले तर कोणाला विचारणार? आमचा सल्ला : त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न – हायस्कूलच्या प्रयोगशाळेत जुने संगणक आहेत, 2 जीबी रॅम, 32 बिट, बॉस लिनक्स. इंटरनेट असून नसल्यासारखे. आंतरशालेय स्पर्धेसाठी मुलांना सरावाला काय घालावे? – एक शिक्षक, वाळपई

उत्तर – बॉस ही सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली, डेबियनवर आधारलेली लिनक्स आहे, त्यामुळे वरच्याच आज्ञा चालतात. आधी ‘डीपीकेजी’ला ‘प्रिंट आर्किटेक्चर’ विचारा : ‘डीपीकेजी’, जागा, दोन आडव्या रेघा आणि लगेच ‘प्रिंट’, आडवी रेघ, ‘आर्किटेक्चर’. उत्तर ‘आय386’ आले तर यंत्रणा 32 बिट आहे. ‘एएमडी64’ आले तर नाही, मग तुमची चिंता निम्मी झाली. 32 बिट असेल तर एक लक्षात ठेवा : डेबियन 13 पासून 32 बिट संगणकांवर ताजी स्थापना करता येत नाही. म्हणजे आहे ती आवृत्ती नीट चालत असेल तर अपग्रेडच्या फंदात पडू नका.

इंटरनेटचा प्रश्न सोडवायला दुसरीकडे पॅकेजे उतरवून आणण्याची युक्ती सांगितली जाते. ती फसते. घरच्या संगणकावर काही जोडपॅकेजे आधीच असतात, म्हणून ती उतरतच नाहीत, आणि शाळेत आल्यावर नेमकी तीच मागितली जातात. त्यापेक्षा प्रयोगशाळेतलाच एक संगणक घ्या, मोबाइल यूएसबी वायरने जोडा आणि मोबाइलमधून यूएसबी टेथरिंग चालू करा. लिनक्सला यासाठी ड्रायव्हर लागत नाही. मग ‘सुडो ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ पुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘डाउनलोड-ओन्ली’ लिहा आणि पॅकेजांची नावे द्या : एक्सबोर्ड, जीएनयूचेस, नोम-चेस (‘नोम’चे स्पेलिंग जी-एन-ओ-एम-ई). सगळ्या डेब फाइली ‘व्हार’मधल्या ‘कॅश’मधल्या ‘ॲप्ट’मधल्या ‘आर्काइव्ह्ज’ फोल्डरात जमतात. त्या पेनड्राइव्हवर घ्या आणि प्रत्येक संगणकावर पेनड्राइव्हवरच्या फोल्डरात उभे राहून ‘सुडो डीपीकेजी -आय’ नंतर तारांकन आणि ‘.डेब’ ही आज्ञा द्या. सगळे संगणक एकाच आवृत्तीचे असतील तर अर्ध्या तासात काम उरकते.

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी नोम-चेस पुरेसे आहे. पट मोठा, सोपे-मध्यम-कठीण अशा पातळ्या, बाकी पसारा नाही. मोठ्या मुलांना एक्सबोर्डवर जीएनयूचेस द्या. त्याला पॉलीग्लॉट लागत नाही, कारण त्याला एक्सबोर्डची भाषा येते. स्टॉकफिश घालायचेच असेल तर त्याची ताकद उतरवा. इंजिनच्या सेटिंगमध्ये ‘स्किल लेव्हल’ 20 असते, ती 0 ते 3 करा. किंवा ‘यूसीआय लिमिट स्ट्रेंग्थ’ चालू करून एलो (खेळाच्या ताकदीचा आकडा) ठरवा. त्याची खालची मर्यादा आवृत्तीनुसार 1320 किंवा 1350 आहे, म्हणजे नवशिक्याला तीही जडच. 2 जीबीच्या संगणकावर हॅश (इंजिनाने वापरायची मेमरी) 64 एमबीच्या वर नेऊ नका. ब्राउझर बाजूला उघडा असला की डिस्कवर अदलाबदल सुरू होते आणि संगणक गोठल्यासारखा होतो.

पावसाळ्यात सत्तरीत वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि एक्सबोर्ड डाव आपणहून साठवत नाही. ऑप्शन्स मेनूतल्या ‘सेव्ह गेम’मध्ये ‘ऑटो-सेव्ह गेम्स’ला खूण करून फाइलीचे नाव देऊन ठेवा. अर्थात यात साठतो तो संपलेला डाव. चालू डाव वीज गेल्यावर गेलाच. म्हणून मुलांना कागदावर चाली लिहायची सवय लावा. ती स्पर्धेत नाहीतरी लागतेच.

प्रश्न – रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर (2 जीबी) स्टॉकफिश सोर्स कोडपासून बांधायला घेतले. सूचनांप्रमाणे ‘मेक -जे प्रोफाइल-बिल्ड’ दिले, तर काही मिनिटांनी ‘किल्ड’ असा संदेश येऊन थांबते. एकदा प्रोसेसरचा प्रकार (आर्किटेक्चर) म्हणून एआरएमव्ही8 दिले तर वेगळीच एरर. – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मडगाव

उत्तर – दोन वेगळ्या चुका आहेत.

पहिली ‘-जे’ ची. त्याच्यापुढे आकडा न दिल्यास मेक जेवढी कामे सुटी करता येतील तेवढी सगळी एकदम सुरू करते. रोजच्या मोठ्या संगणकावर ते खपते. 2 जीबीच्या पायवर कंपायलरच्या (कोडचा प्रोग्राम बनवणाऱ्याच्या) डझनभर प्रती एकदम मेमरी मागतात आणि कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, त्यातल्या एकीचा गळा आवळतो. तो ‘किल्ड’ म्हणजे हेच. ‘-जे2’ द्या. तरीही पडले तर ‘-जे1’, आणि शेवटी जोडणीच्या पायरीला मेमरी कमी पडली तर स्वॅप (मेमरीऐवजी वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा. प्रोफाइल-बिल्डमध्ये प्रोग्राम एकदा बांधून, चालवून, त्या मोजमापावरून पुन्हा बांधला जातो, म्हणून वेळ दुप्पट लागतो. घाई असेल तर प्रोफाइल-बिल्डऐवजी नुसते ‘बिल्ड’ लिहा. वेग थोडा कमी मिळेल, बाकी फरक नाही.

दुसरी चूक आर्किटेक्चरची, आणि तीत पाय माणसाला फसवतो. ‘युनेम -एम’ विचारले की ते ‘एआर्च64’ म्हणते. आपण समजतो यंत्रणा 64 बिट आहे. पण रास्पबेरी पाय ओएसच्या 32 बिट आवृत्तीतही कर्नल 64 बिट असू शकतो, तर कंपायलर आणि लायब्रऱ्या 32 बिटच. ‘गेटकॉन्फ’ आणि मोठ्या अक्षरांत ‘लाँग_बिट’ (मध्ये अंडरस्कोअर) असे विचारा. 64 आले तर एआरएमव्ही8, 32 आले तर एआरएमव्ही7-निऑन. एआरएमव्ही8-डॉटप्रॉड हा पर्याय पाय 5 साठी आहे. पाय 4 च्या कॉर्टेक्स ए72 ला त्या सूचना समजत नाहीत, प्रोग्राम बांधला जाईल आणि चालवताच ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पडेल. शक्य असेल तर कार्ड पुसून 64 बिट आवृत्तीच घाला. इंजिनाला तिचा वेगात मोठा फायदा मिळतो.

बांधताना इंटरनेट हवे. स्टॉकफिश 12 पासून, म्हणजे सप्टेंबर 2020 पासून, डावाचे मूल्यमापन न्यूरल नेटवर्क करते आणि ती एनएनयूई फाइल मेक स्वतः कर्ल किंवा डब्ल्यूगेट या प्रोग्रामाने उतरवते. दोन्ही नसतील किंवा मध्येच जोडणी तुटली, तर नेटवर्क फाइल मिळाली नाही अशी एरर येते. सगळे सुरळीत झाले तर फाइल प्रोग्रामातच बसते आणि तयार झालेला एकच प्रोग्राम दुसऱ्या पाय 4 वर नुसता नकलून चालतो.

तपासायला स्टॉकफिश टर्मिनलमध्ये सुरू करा, ‘यूसीआय’ टाइप करा, ‘यूसीआयओके’ आले पाहिजे. ‘इझरेडी’ला ‘रेडीओके’. मग ‘बेंच’ द्या, शेवटी सेकंदाला किती स्थिती तपासल्या तो आकडा येतो. तो लिहून ठेवा. नंतर ‘सेटऑप्शन नेम थ्रेड्स व्हॅल्यू 4’ आणि ‘सेटऑप्शन नेम हॅश व्हॅल्यू 256’ द्या. मूळ मूल्ये अनुक्रमे 1 आणि 16 असतात आणि ती न बदलता लोक पायला दोष देतात.

मे महिन्यात मडगावच्या उकाड्यात पंख्याशिवाय चारही थ्रेड चालवले तर पाय 80 अंशांच्या आसपास पोचून स्वतःचा वेग कापतो. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ची उत्तरे पाहत राहा. ‘0एक्स0’ सोडून काही आले तर उष्णता किंवा वीज कमी पडते आहे. मोबाइलचा चार्जर वापरत असाल तर बदला. पाय 4 ला 5 व्होल्ट 3 अँपियर लागतात, पाय 5 ला 5 अँपियर.

प्रश्न – मित्राने पेनड्राइव्हवर लिनक्सचे स्टॉकफिश दिले. चालवले की ‘परमिशन डिनाइड’. ‘सीएचमॉड’ने परवानगी देऊनही तेच. – फोंडा

उत्तर – पेनड्राइव्ह फॅट प्रकारचा आहे. फॅटमध्ये लिनक्सच्या परवानग्या साठतच नाहीत, त्यामुळे सीएचमॉड वाऱ्यावर जाते. फाइल आपल्या होम फोल्डरात नकला आणि तिथे ‘सीएचमॉड +एक्स’ करा. त्यानंतर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर ती फाइल दुसऱ्या प्रोसेसरची आहे, उदाहरणार्थ इंटेलची फाइल एआरएमवर. ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ आली तर प्रोसेसर तोच पण जुना आहे : एव्हीएक्स2 सोडून एसएसई41-पॉपसीएनटीची फाइल घ्या.

प्रश्न – शाळेने दिलेल्या क्रोमबुकवर लिनक्स चालू करण्याचा पर्यायच दिसत नाही. – डिचोली

उत्तर – संस्थेने दिलेल्या क्रोमबुकवर तो पर्याय व्यवस्थापक बंद ठेवू शकतो. आडवाटेने उघडायचा प्रयत्न करू नका. लिचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडा. त्याचे विश्लेषण-पान स्टॉकफिश तुमच्याच क्रोमबुकवर चालवते, काही घालावे लागत नाही. स्वतःचे क्रोमबुक असेल तर सेटिंग्ज, ‘अबाउट क्रोमओएस’, ‘डेव्हलपर्स’ या वाटेने लिनक्स चालू होते. आत डेबियन असते, म्हणून पहिल्या उत्तरातली आज्ञा जशीच्या तशी लागू. प्ले स्टोअर चालत असेल तर ड्रॉइडफिश हे बुद्धिबळाचे ॲपही आहे.

प्रश्न – फ्रीबीएसडी आणि हायकू या लिनक्सहून वेगळ्या प्रणालींवर काही मिळते का? – पणजी

उत्तर – फ्रीबीएसडीवर भरपूर. ‘पीकेजी इन्स्टॉल एक्सबोर्ड स्टॉकफिश’ म्हणा. स्वतः बांधणार असाल तर ‘मेक’ नव्हे, ‘जीमेक’ वापरा. तिथला मेक वेगळ्या घराण्याचा, स्टॉकफिशची मेकफाइल त्याला वाचता येत नाही. कंपायलर क्लँग असल्याने ‘कॉम्प’ मोठ्या अक्षरांत, बरोबरची खूण आणि ‘क्लँग’ हेही जोडा.

हायकूवर ‘पीकेजीमॅन सर्च चेस’ देऊन काय आहे ते पाहावे, यादी बदलत असते. 32 बिट हायकूत मूळ कंपायलर फार जुना आहे. काही बांधण्याआधी ‘सेटआर्च एक्स86’ दिले नाही तर आजचे कोणतेही इंजिन बांधले जाणार नाही.

प्रश्न – आमच्या क्लबची 40 जणांची स्विस स्पर्धा (कोणी बाद होत नाही, सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लागतात अशी) आहे. क्लबचा संगणक लिनक्सचा आणि सगळे स्विस-मॅनेजर वापरा म्हणतात. – पेडणे

उत्तर – स्विस-मॅनेजर हा जोड्या लावणारा प्रोग्राम विंडोजचाच आहे. फिडे मानांकन स्पर्धा असेल तर वाद नको, चीफ आर्बिटर जो संगणक आणि जो प्रोग्राम म्हणेल तो घ्या. निकाल चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर चढवायचे कामही त्यातूनच सोपे पडते. बिगरमानांकन स्पर्धेला व्हेगा हा प्रोग्राम घ्या. त्याची लिनक्स आवृत्ती आहे आणि त्याला फिडेची मान्यता आहे. पहिल्यांदा वापरताना क्लबच्या सहा-आठ जणांची लुटुपुटुची स्पर्धा भरून पाहा : एकाला मध्येच बाहेर काढा, एकाला बाय (प्रतिस्पर्ध्याविना फेरी) द्या, एक निकाल चुकीचा भरून दुरुस्त करा. स्पर्धेच्या दिवशी घोटाळा होतो तो या तीन जागी. प्रत्येक फेरीनंतर टीआरएफ (फिडेच्या नमुन्यातला स्पर्धेचा अहवाल) फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवा. मजकुराची साधी फाइल आहे, संगणक बसला तरी फिडेच्या पद्धतीचा दुसरा कोणताही जोड्या लावणारा प्रोग्राम ती उचलतो. 40 जणांना सहा फेऱ्या लावा.

प्रश्न – विंडोजवर सिझिगी टेबलबेस (थोड्या सोंगट्या उरलेल्या स्थितींची तयार उत्तरे) चालत होते. लिनक्सवर तेच दोन फोल्डर दिले तर इंजिन एकही फाइल सापडली म्हणत नाही. – काणकोण

उत्तर – विंडोजवर दोन फोल्डरांच्या पत्त्यांमध्ये अर्धविराम लागतो, लिनक्सवर अपूर्णविराम. ‘सिझिगीपाथ’मध्ये तेवढा बदल करा. जागेचाही हिशेब ठेवा : तीन ते पाच सोंगट्यांचे टेबलबेस सुमारे 1 जीबी, सहाचे सुमारे 150 जीबी. सहाचे असतील तर ते एसएसडीवर ठेवावेत. फिरत्या डिस्कवर ठेवले तर अंत्यखेळात प्रत्येक चाचपणीला डिस्क घुटमळते आणि इंजिनचा वेग कमी होतो.